सरावात भारदस्त वाटणारा ड्रम रेकॉर्डिंगमध्ये पोकळ का ऐकू येतो?

पहिला_टेक

नमस्कार. आमचा चौघांचा बँड आहे. दोन गिटार, एक बेस आणि ड्रमवर मी. दीड वर्ष सराव केल्यानंतर आम्ही स्वतःची तीन गाणी रेकॉर्ड करायला घेतली आणि रिवाजाप्रमाणे सुरुवात ड्रमपासून केली. स्टुडिओ दोन दिवसांसाठी घेतला होता. पहिल्या दिवसाचे जवळजवळ पाच तास माइक लावण्यात, केबल बदलण्यात आणि ‘आता फक्त किक, आता फक्त स्नेअर’ असे एकेक वाद्य वाजवून दाखवण्यात गेले. नमनालाच घडाभर तेल झाले आणि प्रत्यक्ष गाणे वाजवायची वेळ आली तेव्हा माझी मनगटे थकलेली होती.

सेटमध्ये पायाने वाजवायचा किक, खाली तारा लावलेला स्नेअर, दोन टॉम, एक फ्लोअर टॉम, आणि झांजांमध्ये हाय-हॅट, दोन क्रॅश आणि एक राइड आहे. किकच्या आत एक माइक, स्नेअरला वरून एक आणि खालून एक, तिन्ही टॉमना एकेक आणि डोक्यावर दोन ओव्हरहेड, असे एकूण आठ माइक लावले होते. गिटारवादकाने क्लिकवर, म्हणजे लय धरायला हेडफोनमध्ये वाजणाऱ्या टिकटिकीवर, आधीच वाजवून ठेवलेला कच्चा ट्रॅक हेडफोनमध्ये ऐकत मी वाजवले.

अडचणी तीन आहेत. पहिली आणि सर्वांत मोठी म्हणजे स्नेअरचा माइक एकटा ऐकला तर ठोका भरीव वाटतो, पण ओव्हरहेड चालू केले की त्याच ठोक्यातला जीव निघून जातो आणि कोणी रिकाम्या डब्यावर टिचकी मारत असावे तसा आवाज राहतो. मुखड्यात क्रॅश सुरू झाले की मग ‘झ्झ्झ’ सोडून काही ऐकूच येत नाही. दुसरी अडचण लयीची आहे. अंतऱ्यात मी क्लिकबरोबर असतो, मुखड्यात मात्र पुढे पळतो आणि ते लक्षात आल्यावर स्वतःला मागे खेचतो, त्यामुळे नेमक्या रंगात येण्याच्या जागी वाजवणे ताठर होते. तिसरी गोष्ट किरकोळ आहे, पण खटकते. संथ गाण्याच्या शेवटी क्रॅशचा नाद विरत जातो, तेव्हा त्याच्यामागे क्लिकची बारीक टिकटिक स्पष्ट ऐकू येते.

ध्वनिमुद्रकांचे म्हणणे असे की माझे ठोके फक्त वेळेपुरते ठेवावेत आणि आवाज तयार सॅम्पलचे, म्हणजे आधीच मुद्रित करून ठेवलेल्या ठोक्यांचे, बसवावेत. आमच्यातल्याच एकाने तर या तीन गाण्यांपुरता अनुभवी ड्रमवादक बोलवावा असे सुचवले. राग आला असे म्हणणार नाही, पण त्या रात्री झोप लागली नाही. सगळे ट्रॅक सुटे करून मी घरी आणले आहेत. यातून काही वाचवता येईल, की पुन्हा पहिल्यापासून वाजवावे?

खर्जातला

स्टुडिओत ध्वनिमुद्रण करणे हेच माझे रोजचे काम आहे, त्यामुळे सॅम्पलविषयी आधी एक खुलासा करतो. मूळ ठोक्याखाली सॅम्पल मिसळणे ही चोरी नाही, असंख्य रेकॉर्डिंगमध्ये ते केलेले असते. परंतु तो शेवटचा उपाय आहे, आणि तुमच्या वर्णनावरून असे दिसते की आधीचे उपाय करूनच पाहिलेले नाहीत.

माइक एकटा चांगला वाटतो आणि सगळे मिळून पोकळ वाटतात, हे फेजच्या, म्हणजे वेगवेगळ्या माइकमधल्या लाटा एकमेकींशी न जुळण्याच्या, गडबडीचे अगदी ठरलेले लक्षण आहे. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. तुमचा स्नेअरचा माइक कातड्यापासून चार बोटांवर आहे आणि ओव्हरहेड एक मीटरवर आहे असे धरले, तर तोच ठोका ओव्हरहेडपर्यंत जवळजवळ 3 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. हा उशीर कानाला प्रतिध्वनी म्हणून कळत नाही, पण सुमारे 170 हर्ट्झच्या आसपास एका माइकमधली लाट वर जात असताना दुसऱ्यातली खाली येत असते आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. स्नेअरचा गाभा साधारण 150 ते 250 हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. म्हणजे जे खायला नको तेच नेमके खाल्ले जाते आणि वरची करकर तेवढी शिल्लक राहते.

हे तपासायला स्टुडिओत जाण्याची गरज नाही. घरी सगळा मिक्स मोनो करा, म्हणजे डावे-उजवे एकत्र करा, आणि दोन्ही ओव्हरहेडची पोलॅरिटी, म्हणजे लाटेची वर-खाली दिशा, एकदम उलटी करून पाहा. बहुतेक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी तिरकी रेघ मारलेल्या शून्यासारखे बटण असते. ज्या स्थितीत स्नेअर जाड वाटेल ती ठेवा. त्यानंतर स्नेअरच्या खालच्या माइककडे वळा. काठी पडते तेव्हा वरचे कातडे वरच्या माइकपासून दूर जाते, तर खालचे कातडे खालच्या माइककडे येते, म्हणून या दोहोंपैकी एकाची पोलॅरिटी उलटी करावीच लागते, आणि घाईत ती राहून गेलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे. मग किक आणि टॉम, एकेक करून. डोळ्यांनी लाटांची चित्रे जुळवत बसू नका, कानाने ठरवा. इक्वलायझरला या सगळ्यानंतरच हात लावा, कारण जी वारंवारता रद्दच झाली आहे ती बटण फिरवून परत येत नाही.

पुन्हा रेकॉर्ड करायची वेळ आली तर एक सुतळी जवळ ठेवा. तिचे एक टोक स्नेअरच्या मध्यावर कोणाला तरी बोटाने दाबून धरायला सांगा, दुसरे टोक पहिल्या ओव्हरहेडपर्यंत ताणा, तिथे गाठ मारा आणि ती गाठ दुसऱ्या ओव्हरहेडच्या तोंडाशी येते का ते पाहा. दोन अंतरांत 34 सेंटिमीटरचा फरक असला तरी 1 मिलिसेकंदाचा फरक पडतो, आणि मोनोमध्ये 500 हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. स्नेअर एका बाजूला ओढल्यासारखा वाटतो तो निराळाच.

आठ माइक म्हणजे आठपट चांगला आवाज, असेही नाही. ग्लिन जॉन्स यांनी 1968 साली लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत लेड झेपेलिन या रॉक बँडचा पहिला अल्बम मुद्रित केला. ड्रमसाठी मोजकेच माइक लावण्याची त्यांची पद्धत आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. एक माइक स्नेअरच्या वर, दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूने स्नेअरकडे तोंड करून, दोघेही स्नेअरपासून सारख्याच अंतरावर, शिवाय किकला एक आणि लागल्यास स्नेअरला एक. सुतळीची युक्ती याच पद्धतीत सर्वाधिक उपयोगी पडते. मात्र ही पद्धत वाजवणाऱ्याच्या हाताची परीक्षा पाहते, कारण मागाहून टॉम वेगळा वर उचलायला त्याचा वेगळा ट्रॅकच नसतो.

टिकटिकीबद्दल थोडक्यात सांगतो. हेडफोन मागून बंद असलेले घ्या, आणि शेवटच्या क्रॅशच्या ठोक्याबरोबर क्लिक आपोआप बंद होईल अशी सोय आधीच करून ठेवा. आता जे झाले आहे तिथे दुसऱ्या टेकमधल्या क्रॅशचा विरता नाद कापून जोडता येईल.

डावरी

मी पंधरा वर्षे ड्रम वाजवते आहे. वरचा प्रतिसाद अचूक आहे, पण तो माइकपासून सुरू होतो आणि तुमची अडचण निम्मी तरी माइकच्या अलीकडची आहे. ‘मुखड्यात झ्झ्झ सोडून काही ऐकू येत नाही’ हे तुमचे वाक्य मी दोनदा वाचले. तो फेजचा दोष नव्हे. तो हातांचा आहे.

सरावाच्या खोलीत गिटारचे अँप्लिफायर मोठ्याने वाजत असतात, त्यांच्यावर मात करण्यासाठी आपण नकळत झांजा जोरात मारायला शिकतो आणि ती सवय अंगात मुरते. झांजांचा आवाज मुळातच वर, म्हणजे थेट ओव्हरहेडच्या तोंडात जातो. तुम्ही क्रॅश शंभर टक्के आणि स्नेअर साठ टक्के वाजवलात, तर ओव्हरहेडमध्ये तेच प्रमाण कायमचे गोठते, आणि स्नेअर वर घ्यायला जावे तर त्याच्या माइकमध्ये शिरलेला हाय-हॅटही बरोबर वर येतो. ते नंतर स्वच्छ वेगळे करून देणे कोणत्याही ध्वनिमुद्रकाला फार अवघड असते.

एक साधी चाचणी करा. फोन सेटच्या समोर दीड-दोन मीटरवर, छातीच्या उंचीला ठेवा आणि मुखडा वाजवून मुद्रित करा. त्या एका गरीब माइकमध्ये स्नेअर आणि किक पुढे, हाय-हॅट मागे आणि क्रॅश त्यांच्या मधोमध ऐकू आला तर तुमचा समतोल ठीक आहे. नसेल तर आठवडाभर फक्त एवढेच करा. स्नेअरचा प्रत्येक ठोका पूर्ण उंचीवरून, आणि झांजेला मात्र काठीच्या खांद्याने बाजूला निसटता स्पर्श. सुरुवातीला आपण वाजवतच नाही आहोत असे वाटते. मग फोन ऐकला की ओशाळायला होते.

दुसरी गोष्ट सुराची. कातडी नवी घातली होती का? तबला जसा घराघराने मिळवतात, तसाच ड्रमही प्रत्येक स्क्रूपाशी मिळवावा लागतो. काठापासून दोन बोटे आत हलकेच टिचकी मारा, समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने पिळा आणि सगळीकडून एकच सूर येईपर्यंत सोडू नका. एक स्क्रू जरी ढिला असला तरी टॉमचा नाद ‘वॉंऽव’ असा वाकतो, आणि लोक तो लपवायला त्यावर रुमाल, टेप असले काहीबाही चिकटवतात. आवाज दाबणे वाईट असते असे मी म्हणत नाही. 1966 साली बीटल्सच्या रेकॉर्डिंगमध्ये ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी किकमध्ये चक्क लोकरीचा स्वेटर कोंबला आणि माइक अगदी जवळ आणला, आणि त्यातून त्यांचा ड्रमवादक रिंगो याच्या किकचा तो घट्ट आवाज आला. पण तो आवाज हवा होता म्हणून तसे केले. बेसूर झाकायला नव्हे.

राहिली लय. क्लिकशिवाय, जसे मनात येईल तसे, बँडबरोबर तेच गाणे तीनदा वाजवून मुद्रित करा आणि प्रत्येक भागाचा वेग मोजा. माझा अंदाज असा की अंतरा मिनिटाला 104 ठोके असेल तर मुखडा 107-108 कडे जात असेल, आणि तिन्ही वेळा जवळपास तेवढाच. तसे असेल तर ती चूक नाही, ते गाण्याचे अंग आहे. मग क्लिकलाच तसे चालायला सांगा. मुखड्याच्या आधीच्या मात्रेपासून तिचा वेग दोन-तीनने वाढवून ठेवा. शिवाय ‘पिक्, पिक्’ अशा कोरड्या क्लिकऐवजी एखादा खुळखुळ्याचा ठेका हेडफोनमध्ये घ्या, म्हणजे घड्याळाबरोबर वाजवण्याऐवजी कुणाबरोबर तरी वाजवल्यासारखे वाटते.

आणि दुसरा वादक बोलावण्याची सूचना मनाला लावून घेऊ नका. 4 सप्टेंबर 1962 रोजी बीटल्सच्या पहिल्या रेकॉर्डसाठी, म्हणजे ‘लव्ह मी डू’साठी, रिंगोने वाजवले. आठवडाभराने, 11 सप्टेंबरला तो स्टुडिओत आला तेव्हा ड्रमवर अँडी व्हाइट हा व्यावसायिक वादक बसलेला होता आणि रिंगोच्या हातात खंजिरी देण्यात आली. त्याही आधी, जून महिन्यात, त्याच स्टुडिओत पीट बेस्टचे वाजवणे निर्माते जॉर्ज मार्टिन यांना पसंत पडले नव्हते. गंमत अशी की रेकॉर्डच्या पहिल्या आवृत्तीवर शेवटी रिंगोचाच टेक गेला, आणि पुढच्या वर्षीच्या अल्बमवर व्हाइटचा. दोन्ही एकापाठोपाठ ऐकून पाहा. फरक आहे, पण एवढ्यासाठी एखाद्याची झोप उडावी असा नाही.

विलंबित

माझे मत वरच्या दोघांपेक्षा वेगळे आहे. क्लिक काढूनच टाका, आणि कच्च्या गिटार ट्रॅकवर एकट्याने ड्रम वाजवणेही सोडा. ज्या बँडने दीड वर्ष एकमेकांच्या डोळ्यांकडे पाहून वाजवले त्याच्या ड्रमवादकाला काचेआड एकटे बसवून, कानात आधी वाजवून ठेवलेली गिटार सोडायची आणि वर ‘ताठर का वाजवतोस’ असे विचारायचे, हा कुठला न्याय? बीटल्सचेच उदाहरण चालले आहे म्हणून सांगतो. 11 फेब्रुवारी 1963 या एका दिवसात त्यांनी पहिल्या अल्बमसाठी दहा गाणी मुद्रित केली, दोन-ट्रॅकच्या यंत्रावर, बहुतेक सगळे एकत्र वाजवून. चौघे एकाच खोलीत बसा, गिटारचे अँप्लिफायर बाहेरच्या खोलीत ठेवा आणि वाजवा.

खर्जातला

विलंबित, एकत्र वाजवण्याविषयी मी पूर्णपणे सहमत आहे, आणि खोल्या पुरेशा असतील तर मीही तेच सुचवीन. फक्त तो बँड त्या दिवसापर्यंत हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्रीमागून रात्री तासन्‌तास वाजवून आलेला होता, हे विसरू नका. क्लिकवर सरसकट बहिष्कार टाकण्याचे मात्र मला पटत नाही. डेव्ह ग्रोलइतका दणकट वादक क्वचितच सापडेल, तरीही 1991 साली साउंड सिटी स्टुडिओत त्याच्या निर्व्हाणा या बँडचा अल्बम मुद्रित होताना एका गाण्यात वेग सारखा वाढू लागला म्हणून निर्माते बुच विग यांनी क्लिक लावली. बाकीची गाणी त्याने सुखाने आपल्याच वेगाने वाजवली. निर्णय गाण्यागणिक घ्यावा.

जाता जाता एक धोका. लहान खोलीत ‘मोठा’ आवाज आणण्यासाठी लोक लांबवर जादा माइक लावतात, कारण 1971 च्या लेड झेपेलिन अल्बममधले जिन्याच्या मोकळ्या जागेत मुद्रित केलेले ड्रम त्यांनी ऐकलेले असतात. ते मुद्रण जिथे झाले ते हेडली ग्रेंज हे जुने प्रशस्त घर होते, ड्रम खाली आणि दोन माइक वरच्या मजल्यावरून टांगलेले. तुमच्या खोलीचे छत हाताला लागत असेल तर तिथून येणारा पडसाद इतका लवकर परततो की मोठेपणाऐवजी डबापणाच वाढतो. अशा खोलीत ड्रमच्या वर जाड रजई ताणणे अधिक फायद्याचे ठरते.

पहिला_टेक

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला नऊ दिवस लागले, कारण सगळे करून पाहूनच लिहायचे ठरवले होते.

आधी घरी. दोन्ही ओव्हरहेडची पोलॅरिटी उलटी केली आणि शपथेवर सांगतो, बटण दाबताक्षणी मी खुर्चीतून उठलो. स्नेअर परत आला. खालच्या माइकची पोलॅरिटीही खरोखर तशीच राहून गेली होती. ती उलटल्यावर तारांचा सळसळाट ठोक्याला चिकटून बसला, आधी तो वेगळाच कुठेतरी मागे ऐकू येत होता. फ्लोअर टॉम मात्र या नव्या स्थितीत थोडा पातळ वाटतो. त्याच्या माइकची पोलॅरिटी उलटून पाहिली तर किंचित बरा झाला, पूर्ण नाही.

मग फोनची चाचणी. डावरी, ओशाळायला होते हे तुम्ही लिहिले होते, तरी इतके होईल असे वाटले नव्हते. हाय-हॅट सगळ्यांच्या वर, त्याखाली क्रॅश, आणि स्नेअर जणू शेजारच्या घरात. दीड वर्ष मी हेच वाजवत होतो आणि मला ते कधी ऐकू आले नाही, कारण मी सेटच्या आत बसलेलो असतो. गेले आठ दिवस हाय-हॅट काठीच्या टोकाने, नुसता हलवून वाजवतो आहे. कालच्या मुद्रणात पहिल्यांदाच किक हाय-हॅटच्या पुढे आली.

वेगही मोजला. अंतरा 96, मुखडा 99, तिन्ही वेळा. एकदा तर 99.5. क्लिक तशी चढवून घेतल्यावर मुखड्यात मागे खेचण्याची गरजच उरली नाही.

बँडमध्ये बोलून ठरले ते असे. पहिल्या गाण्याचे आहे तेच ड्रम ठेवायचे, कारण त्यात क्रॅश थोडेच आहेत आणि फेज सुधारल्यावर ते चांगले वाटतात. उरलेली दोन पुन्हा वाजवायची. त्यातले वेगवान गाणे चढत्या क्लिकवर आणि संथ गाणे क्लिकशिवाय, चौघांनी एकत्र. स्टुडिओ तोच घेतला आहे. ध्वनिमुद्रकांना फेजचा बदल ऐकवला, त्यांनी तो मोकळेपणाने मान्य केला आणि यावेळी आम्ही येण्याआधीच माइक लावून ठेवण्याचे कबूल केले. सुतळी मी नेणार आहे.

एक शेवटचा प्रश्न. संथ गाण्याच्या सुरुवातीला फक्त किक आणि हाय-हॅट आहेत, आणि तिथे किकच्या पेडलची कुरकुर ऐकू येते. ही नंतर सॉफ्टवेअरने काढता येईल का?

खर्जातला

काढता येईल, पण तिच्याबरोबर हाय-हॅटची धारही थोडी बोथट होईल. त्यापेक्षा आदल्या दिवशी पेडलच्या बिजागरीत आणि स्प्रिंगच्या दोन्ही टोकांना तेलाचा एकेक थेंब सोडा. बसायच्या स्टुलाचीही कुरकुर तपासा, ती बहुधा पेडलच्या नावावर खपते. फ्लोअर टॉमसाठी नवीन टेकच्या वेळी त्याचा माइक दोन बोटे वर-खाली करून पाहा, तिथे बटणापेक्षा अंतरच कामाला येईल.

डावरी

आणि तेल घालूनही कुरकुरले तर टेक थांबवू नका. लेड झेपेलिनच्या 1970 च्या तिसऱ्या अल्बममध्ये एक लांब, संथ ब्लूज आहे. त्यात त्यांचा ड्रमवादक बॉनम याचे पेडल सुरुवातीपासून कुरकुरते आहे आणि ते तसेच छापले गेले.